शेळीच्या सिनेमाची वाटी

वाटी रिकामी होती, आणि मी माझा चणा माझ्या हातानं त्यात टाकला होता. म्हणजे कुणीतरी तो काढला होता. एवढं कळायला पोलीस लागत नाहीत.

वसईतल्या पापडीला आमच्या वाडीच्या तोंडाशी क्रूस आहे. मे महिन्यात संध्याकाळी त्याच्यापाशी रोजरी होते आणि प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटतात. महिनाअखेरच्या एका शनिवारी ते चणे घेऊन आमच्या घरची माणसं ओट्यावर जमतात आणि जुनंच भांडण उकरून काढतात: जगातलं सर्वांत चांगलं कार्टून कोणतं? कार्टून म्हणजे अख्खा सिनेमा, टीव्हीवर पोरं जेवताना बघतात ते नव्हे. प्रत्येक सिनेमाची एक वाटी आणि माणशी एक चणा. ज्याची वाटी जड, तो सिनेमा त्याच संध्याकाळी ओट्याच्या भिंतीवर चादर लावून बघायचा.

मतमोजणीच्या आधी मत खाऊन टाकायची सोय असलेली दुसरी निवडणूक मला माहीत नाही. म्हणून मी वाट्यांवर डोळा ठेवून असते. स्वभावच तसा. माझी आई म्हणायची, ही पोर विहिरीत पडली तरी ओरडायच्या आधी विचारील, ढकललं कुणी?

इतकी वर्षं आमच्याकडे पहिला येणारा सिनेमा एकच, शेळीचा. माझा नवरा जहाजावर नोकरीला होता. कुठल्याशा परक्या बंदरात त्यानं त्याची सीडी घेतली, ती पुढे मुलानं लॅपटॉपवर उतरवली. सिनेमा हातानं काढलेल्या चित्रांचा, पण भाषा कुठली ते त्यालाही सांगता येईना. मग त्यानं आवाज बंद केला आणि चादरीशेजारी स्टूल टाकून आमच्या घरच्या बोलीत सगळ्यांचं बोलणं स्वतःच बोलायला लागला. एका बेटावर दीपगृह, त्यात एक म्हातारा आणि त्याची शेळी, एवढीच गोष्ट. शेळी नवऱ्याच्या थोरल्या आत्यासारखी कुरकुरायची. समुद्रपक्षी मासळी बाजारातल्या बायकांसारखे भांडायचे. शेवटी म्हातारा होडीत बसायचा आणि शेळी विचारायची, "कवा येशील?"

"बाजाराला चाललोय. केली खपली का येन उद्याला," म्हातारा म्हणायचा. त्या बेटावर केळीचं एक झाड नव्हतं, पण वसईच्या माणसाला केळ्यांशिवाय बाजार सुचत नाही.

होडी निघाली की नवरा लगेच सिनेमा बंद करायचा. "संपला! पुढं नुसती नावं आहेत." मला त्या घाईचा कायम संशय यायचा. परदेशी सिनेमा, पुढं काहीतरी अचकटविचकट असणार आणि ह्यानं ते एकट्यानं बघितलेलं असणार, असं मी धरूनच चालले होते. विचारलं की तो हसायचा. त्यामुळे संशय आणखी पक्का व्हायचा.

गेल्या नाताळाच्या आधी तो गेला. यंदाचा मे त्याच्याशिवायचा पहिला. मला दुसरं काही नको होतं, फक्त त्याची वाटी पहिली यायला हवी होती. स्टूल रिकामं राहिलं असतं, आवाज नसता, तरी चादरीवर शेळी दिसली असती तर तेवढा वेळ तो ओट्यावर आहे असं मला वाटलं असतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. अशी गोष्ट मागून घेतली की तिची किंमत जाते.

त्या संध्याकाळी वादाला नेहमीसारखा रंग चढला. माझा मुलगा कॉम्प्युटरवर केलेल्या सिनेमांच्या बाजूचा. त्याच्या आवडत्या अस्वलाच्या अंगावरचा केस न् केस वेगळा हलतो म्हणे. माझे दीर शाळेत चित्रकला शिकवायचे. ते म्हणाले, "केस हलतो रे, पण अस्वल हलत नाही. हातानं काढलेली रेघ जरा चुकते, म्हणून ती जिवंत वाटते." ते जपानी सिनेमांचे भक्त. त्यांत बराच वेळ काहीच घडत नाही, गवतावरून वारा जातो, कुणीतरी भात वाढतं, आणि दिरांचे डोळे भरून येतात. मला विचाराल तर त्या सिनेमांत फार हुशारीनं काहीतरी लपवलेलं असतं. कॉम्प्युटरच्या सिनेमांवर तर माझा मुळीच विश्वास नाही. त्यांतले अश्रू जरा जास्तच चकाकतात.

"ज्यात आई मरते तो सिनेमा पहिला नाही आला पाहिजे," सहा वर्षांची नात म्हणाली. "ते चीटिंग आहे. रडवायचं म्हणून मारतात."

 दिरांनीसुद्धा मान डोलावली.

सून मात्र गप्प होती. ती जूचंद्रची, आगरी घरातली. एरवी या वादात तिचा आवाज सगळ्यांच्या वर असतो, ज्यात गाणं नाही त्याला ती सिनेमाच मानत नाही. त्या दिवशी ती नुसती वाट्या पुसत बसली. मी मनात नोंद केली. दुपारी ती लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली होती आणि दार लावून बसली होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते. त्या दिवशी घरात कांदा चिरलाच नव्हता. दुपारी कालचं कालवण होतं आणि ते मीच गरम केलं होतं.

मग चणे मोजले. अस्वल पुढे, वाऱ्याचा सिनेमा मागे, आणि शेळीच्या वाटीत काहीच नाही.  इतक्या लवकर? माणूस जाऊन वर्ष झालं नाही आणि त्याची वाटी कोरडी? आणि माझा स्वतःचा चणा कुठे गेला?

"शेळीला तू टाकलास?" मी मुलाला विचारलं.

त्यानं खाली बघितलं. "नाही आई. पपांच्या आवाजाशिवाय तो सिनेमा मला बघवणार नाही."

दिरांनीही नकाराची मान हलवली. नातीचा चणा अस्वलाला गेला होता, हे मी स्वतः पाहिलं होतं. राहिली सून. ती वाट्या गोळा करायला उठली, जरा जास्तच लगबगीनं. मी तिचा हात धरला.

"माझा चणा कुठे आहे?"

"मम्मी, कुठला चणा?"

"शेळीचा. तुला तो सिनेमा नको आहे. दुपारी दार लावून काय करत होतीस? पुसून टाकलास की काय?"

बोलताना माझा आवाज चढला होता. मुलगा उठला. सून एरवी शाळेतलं शुद्ध मराठी बोलते, पण गडबडली की माहेरची बोली तोंडात येते.

"पुसला नाय, मम्मी. मी खाल्ला तुमचा चना." ती रडायलाच लागली. "आज लागला तर नीट चालतंय का, म्हनून बगत होते. शेवटपर्यंत बगला. पपा बंद करायचे ना, त्याच्या पुरंपन सिनेमा हाय. होरी परत येते, पन म्हातारा नाय त्यान. रिकामीच येते. मना वाटला, या वर्षी तुमाला कसा दाखवायचा?"

 इतकी वर्षं मी त्या बंद केलेल्या सिनेमात नको ते शोधत होते. आणि तो दर मेमध्ये आम्हाला एका मरणापासून लांब ठेवत होता, वर हसत होता. मला त्याचा भयंकर राग आला. मला तरी सांगायचं होतंस, असं जोरात ओरडावंसं वाटलं. मग तेवढ्याच जोरात त्याची आठवण आली आणि मी काही ओरडले नाही.

"लाव," मी म्हटलं.

"आई, नको," मुलगा म्हणाला.

"लाव. आवाज बंद कर आणि शेवटपर्यंत लाव."

चादरीवर बेट आलं. पक्षी भांडले, पण मुक्यानं. स्टूल रिकामं होतं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे न बघण्याची काळजी घेत होतो. म्हातारा होडीत बसला. होडी निघाली. मुलाचा हात बापासारखाच सिनेमा बंद करायला लॅपटॉपकडे गेला, मी तो धरून ठेवला. समुद्र खवळला, मग निवळला, आणि होडी एकटीच किनाऱ्याला आली. शेळी पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेली आणि तिला हुंगत उभी राहिली.

"आजी, म्हातारा कुठाय?" नातीनं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडून नवऱ्याची बोली बाहेर पडली, त्याच्याच घोगऱ्या सुरात. "बाजाराला गेलाय. येल उद्याला."

 पण नात माझ्यावर गेली आहे. "मग होडी एकटी कशी आली?"

शेळी होडीत चढत होती. सिनेमात पुढं काही नव्हतं, शेळी होडीत बसते आणि संपतं. मला काहीतरी बोलायला हवंच होतं.

"त्यानच पाठवलीय," मी म्हटलं. "बाजारात त्याला एकट्याला करमत नाय. होडीत बस आणि ये म्हनून तिला सांगितलंय."

बोलून झाल्यावर मला कळलं की हे मी शेळीबद्दल बोललेच नव्हते. चादर पांढरी झाली. सून उठून माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"मम्मी," ती म्हणाली, "तुमी नाय हां बसायचा त्या होरीत."

 मग मी शेळीची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"आधी माझा चणा परत टाक," मी म्हटलं.