मामांची दोन अक्षरं

आपल्या देशातल्या वेबसाइटच्या पत्त्याला शेवटी जी दोन अक्षरं लागतात, ती एकवीस वर्षं माझ्या मामांच्या ताब्यात होती. विद्यापीठाच्या तळघरातली खोली, एक सर्व्हर आणि एक फोन, एवढाच कारभार. हे सुरू झालं तेव्हा सरकारला त्यात रस नव्हता, आणि मामांना दुसऱ्या कशातच नव्हता.

नियम एकच. वेबसाइटला नाव हवं त्याने स्वतः फोन करायचा. मामा विचारायचे, "नाव कशाला हवं?" उत्तर पटलं की संध्याकाळपर्यंत नाव मिळायचं. मंत्र्यांचा भाचा म्हणाला, "असू दे, पुढेमागे लागेल." मामांनी फोन ठेवून दिला. तिथेच माशी शिंकली. वर्षभरात कायदा आला, दोन अक्षरं सरकारजमा!

मामीचा घरी शिवणवर्ग होता. तिलाही नाव हवं होतं, पण "आधी घरच्यांना दिलं तर लोक काय म्हणतील?" असं म्हणून मामा दरवर्षी तिच्या तोंडाला पानं पुसायचे. आता सरकारी अर्ज चौदा पानांचा, आणि घरगुती वर्गांना नाव नाहीच. म्हणजे ताबा देण्याच्या दिवशी पाचच्या आत झालं तर झालं.

त्या दिवशी मी सामान आवरायला गेले होते. किल्ल्या घ्यायला आलेले साहेब घड्याळ बघत होते आणि मामा टेबल पुसत होते. मला मामांचा इतका राग कधी आला नव्हता. मी बाहेर जाऊन मामीला कळवलं, पाचच्या आत तूच फोन कर.

पावणेपाचला फोन वाजला. आवाज ओळखूनही मामांनी विचारलं, "नाव कशाला हवं?"

मामी कडाडली ते साहेबांनाही ऐकू गेलं. "एकवीस वर्षं डबा भरतेय, आणि मलाच कारण विचारताय? शिवण शिकायला येणाऱ्या बायका पत्ता शोधत शेजारच्या गॅरेजात शिरतात. त्या गॅरेजला बरं नाव दिलंत!"

 मामा दोन बोटांनी टाइप करू लागले.

"कारणाचा रकाना राहिला," साहेब म्हणाले.

मामांनी लिहिलं, "उशीर माझ्याकडून झाला." किल्ल्या साहेबांच्या हातात दिल्या आणि रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"अगं, आहेस ना अजून?"

"आहे. जातेय कुठे? या आता घरी."