हमीदाबीची हजेरी

एकाहत्तरच्या मे महिन्यात माझी बदली रेजिमेंटमधून नगरच्या छावणीतल्या एका लहानशा ऑफिसात झाली. दारावर पाटी नव्हती, काम सीमेपलीकडच्या खबरा काढण्याचं. साहेबांना मराठी येत नव्हतं, म्हणून मला नेलं. रँक दफादार, म्हणजे रणगाड्यांच्या रेजिमेंटमधला हवालदार. सकाळी सातला फॉल इन, मग दिवसभर टेबल.

त्या ऑफिसला खबर आणून देणारी एक बाई होती. श्रीगोंद्याजवळच्या काष्टीची हमीदाबी मणियार, बांगड्या भरणारी, चाळिशी उलटलेली. तिचा मामा फाळणीत सिंधला गेलेला. मामाच्या नातीचं लग्न हे निमित्त, पासपोर्ट साहेबांनी करून दिला. निघण्याआधी मीच तिला पढवलं.

"चाची, कुणीही विचारलं तरी मामाकडं गेले होते, एवढंच सांगायचं. आमचं नाव नाही."

"न्हाई घेनार, दादा."

सप्टेंबरअखेर ती परतली. तिकडच्या छावणीत ती क्वार्टरोक्वार्टरी बांगड्या भरत फिरली होती. ती बोलली, मी लिहिलं.

"आधी लई बाया हात फुडं करायच्या. पंधरा दिसांनी गेले तर क्वार्टरला कुलपं. समद्या माहेरी धाडल्या. बायका-पोरं हलवली म्हंजी गडी बी हलनार, व्हय ना?"

त्याच दुपारी रिपोर्ट वर गेला. त्या छावणीत रणगाड्यांची रेजिमेंट होती. ती सीमेकडे निघाल्याचं आम्हाला या बाईनं सांगितलं. डिसेंबरच्या लढाईत मी पुन्हा टँकवर होतो आणि त्यांचे रणगाडे आले तेव्हा आम्ही तयार होतो. आमच्या ट्रूपचे दोघे गेले, सवार किसन आणि लान्स दफादार बशीर. ती खबर नसती तर अख्खा ट्रूप गेला असता.

फेब्रुवारीत रजेवर आलो तेव्हा कळलं, हमीदाबीला पोलिसांनी हजेरी लावलीय. लढाईच्या तोंडावर पाकिस्तानातून आलेली बाई, म्हणून संशयित. दर मंगळवारी सकाळी दहाला श्रीगोंद्याच्या ठाण्यात अंगठा. गावातल्या बायकांनी तिच्याकडून बांगड्या भरणं सोडलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी युनिफॉर्म चढवून तिच्याबरोबर ठाण्यात गेलो. फौजदार माणूस बरा होता. बाई आमच्या ऑफिसच्या ओळखीची आहे, एवढंच मी सांगितलं.

"दफादार, तुमच्या साहेबांनी एक शब्द टाकला तर आत्ता नाव खोडतो."

त्यांनी फोन पुढे सरकवला. ट्रंक कॉल लागायला चाळीस मिनिटं गेली. हमीदाबी समोर बाकावर बसून होती.

"सर, हमीदाबी मणियार..."

"अशा कुणाला आम्ही ओळखत नाही."

"सर, तिचा रिपोर्ट मीच लिहिलाय."

"तुरुंगात तर टाकलं नाही ना तिला? मग तोंड बंद ठेव. ही ऑर्डर आहे."

माझ्या टाचा आपोआप जुळल्या. तोंडातून निघालं, "यस सर."

फौजदारांना एवढंच ऐकू आलं. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि तिचा अंगठा घेतला. रणगाड्यासमोर घाबरलो नव्हतो, टेलिफोनसमोर शेपूट घातली. त्या साहेबाची चीड आजही येते, स्वतःची त्याहून जास्त.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा. तुमची नोकरी जायाची." तिनं एकदाही आमचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर बरं झालं असतं.

त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात ती तापानं फणफणली. मुलगी सोमवारी ठाण्यात जाऊन एका मंगळवारची माफी मागून आली. मिळाली नाही. तोवर फौजदार बदलले होते. हमीदाबी चालत निघाली आणि निम्म्या वाटेत एका बाभळीखाली तिनं जीव सोडला. रजिस्टरात त्या दिवशी 'गैरहजर' असा शेरा पडला. चौथ्या दिवशी शिपाई तिला धरून न्यायला घरी आला. मुलीनं त्याला कबर दाखवली.

किसन आणि बशीर यांची नावं रेजिमेंटच्या स्मारकाच्या दगडावर कोरलेली आहेत. दर डिसेंबरला मी तिथे जातो, मग एसटीनं काष्टीच्या कब्रस्तानात. हमीदाबीच्या कबरीवर नाव नाही. ती पाकिस्तानात आमच्या हुकमानं गेली होती. हा हुकूम मी माझ्या तोंडानं तिला सांगितला होता. हे मी लिहून दिलं, आता ते छापून येतंय. ज्याला माझ्यावर कारवाई करायचीय त्यानं करावी, या वेळी मी यस सर म्हणणार नाही.