मी न केलेल्या पापांची साक्ष

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही. तरीही उल्हासनगरच्या आमच्या बराकीतली बरीच माणसं एकेकाळी मला सुटलेला दारुडा म्हणून ओळखत होती, आणि ही कीर्ती मी स्वतःच्या तोंडानं मिळवली होती, प्रार्थनेत, देवाला साक्षी ठेवून.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी स्टोअरला होतो. मला कायम केल्याचं पत्र आलं आणि आईनं जाहीर केलं की घरी उपकारस्तुती करायची. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत घरात काही चांगलं घडलं की पाळकसाहेबांना आणि शेजाऱ्यांना बोलावतात, पेटी-तबल्यावर गाणी होतात, प्रार्थना होते, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो उभा राहून आपली साक्ष देतो. म्हणजे प्रभूनं आपल्याला कुठून कुठं आणलं ते सांगतो. मग चहा आणि चिवडा.

माझी अडचण अशी होती की प्रभूनं मला कुठून कुठंही आणलेलं नव्हतं. मी जिथं होतो तिथंच होतो. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. लहानपणापासून रविवारची शाळा. तारण, म्हणजे पापांतून सुटका, कृपेनं होतं, विश्वासानं होतं, आपल्या कर्तबगारीनं नाही, हे मला इतकं चोख पाठ होतं की त्याबद्दल मला स्टीलचा डबा बक्षीस मिळाला होता. कर्तबगारीनं नाही हे पाठ केल्याची कर्तबगारी! त्यातला विनोद मला फार उशिरा कळला. तेव्हा आम्ही त्यात साखर ठेवायचो.

त्या दिवशी दुपारचं ऊन पत्र्यावरून उतरून खोलीत सांडलं होतं. शेजारच्या सिंधी मावशींचे पापड बाहेर खाटेवर वाळत होते आणि त्यांचा मिरीचा वास गाण्यांत मिसळत होता. सगळं कसं अर्धवट झोपेतल्यासारखं. आणि माझ्या आधी बदलापूरहून आलेल्या एका पाहुण्यांनी साक्ष दिली. काय साक्ष होती! सुरा होता, तुरुंग होता, विहिरीच्या काठावर उभं राहून काढलेली रात्र होती. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पेटीवाल्यानं हळूच एक सूर धरून ठेवला.

मग माझी पाळी. मी तयारी केली होती ती अशी, की प्रभूनं मला चांगले आईवडील आणि कायम नोकरी दिली, आमेन. उभा राहिलो, तर सगळे डोळे अजून ओले. त्या ओल्या डोळ्यांसमोर कायम नोकरीचं पत्र कसं धरायचं? तोंड उघडलं आणि त्यातून आवाज आला, "मी पण प्यायचो."

एकदा सुटलो तो सुटलोच. सकाळी चहाऐवजी हातभट्टी. तिचा तो गोड वास, ती गोड चव. रस्त्यात पडणं. आणि मग एका सकाळी प्रभूची हाक. "ग्लास खाली ठेवला तो ठेवलाच. पुन्हा हात लावला नाही. इच्छासुद्धा झाली नाही." पेटीवाल्यानं माझ्यासाठीही सूर धरला. मी जमिनीपासून चार बोटं वर तरंगत होतो.

खाली उतरवायला आई होती. माणसं गेल्यावर बश्या गोळा करता करता ती म्हणाली, "कधी प्यायचास रे?"

"अगं, ते…"

"साडेसहाला घरात असतोस. दुधावर साय आली तर ओकारी काढतोस. आणि म्हणे हातभट्टी! तुझे वडील असते तर आधी हसले असते, मग चोपला असता तुला."

"कुणाचं काय बिघडलं त्यात?"

आईनं बशी खळकन ठेवली.

बिघडलं होतं ते दाराशी बसलेल्या माणसाचं. आमच्यापासून तीन खोल्या सोडून एक वेल्डर राहायचा. माझ्याच कारखान्यात होता, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, हात सोन्याचा, पण संध्याकाळ झाली की कामाचा नाही. ख्रिस्ती नव्हता. बायकोनं ओढून आणलं म्हणून चिवड्यापुरता आला होता. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगच्या कांड्या घ्यायला तो माझ्या खिडकीशी आला आणि कांड्या घेऊनही हलेना.

"भाऊ, एका झटक्यात?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "एका झटक्यात."

"हात नाही कापले?"

"प्रार्थना केली की नाही कापत."

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. अशा कौतुकानं माझ्या हातांकडे आधी कुणी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

आणि त्यानं सोडली! खरंच सोडली. संध्याकाळी तो बायकोबरोबर भाजी आणताना दिसायला लागला. दाढी रोज. रविवारी आम्ही अंबरनाथला एका शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमायचो, तिथं तो मागच्या सतरंजीवर येऊन बसायला लागला. त्याची बायको आईला म्हणाली, "मावशी, तुमच्या पोरानं माझं घर उभं केलं." आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो. पण आतून मी हवेत होतो. ते दिवस मला आठवतात ते कापसातून पाहिल्यासारखे. मलंगगडाच्या डोंगरावर धुकं, कारखान्याचा भोंगा लांबून येणारा, आणि मी मनातल्या मनात देवाला सांगतोय की बघ, खोटं असलं तरी कामाला आलं की नाही.

तीनेक आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की कांड्या न्यायला तो येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो. रविवारीही दिसला नाही. मग एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची ड्युटी संपवून घरी आलो तर त्याची बायको आईजवळ बसलेली. रडून झालं होतं. आता नुसती बसली होती.

"आठ दिवस झाले, पुन्हा घेतात," ती म्हणाली. "चोरून. माझ्यापासून नाही, तुमच्यापासून चोरून. म्हणतात, त्याला देवानं एका हाकेत सोडवलं, त्याला इच्छासुद्धा झाली नाही. मला तर दर तासाला होते. म्हणजे देवानं मला हाक मारलेलीच नाही. म्हणतात, हे आपल्यासाठी नाही, आपण त्यातले नाही. काल कंपनीत सांगून आले, हिशेब करा म्हणून. आज सकाळपासून घरात नाहीत."

आई माझ्याकडे बघत नव्हती. तेच जास्त लागत होतं.

मी काय केलं असेल? सायकल काढली आणि थेट त्याला शोधायला गेलो? छे. मी पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं, हे त्यांचं खातं आहे. ते अंगणात उकिडवे बसून सायकलच्या ट्यूबमधलं पंक्चर शोधत होते. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबत, बुडबुड्यांकडे बघत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी सांगून थांबलो तरी त्यांनी मान वर केली नाही.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू येशील. जरा वेळ लावलास." ट्यूब फिरवली. "लोक देवाच्या दारी पुण्याची टोपली घेऊन येतात, हे मी आयुष्यभर बघतोय. पापाची टोपली भरून आणणारा तूच पहिला. तीही दुसऱ्याच्या झाडावरून तोडून!"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"बाळा, काहीतरी घेऊन गेल्याशिवाय तो आपल्याला आत घेणार नाही, असं वाटतं ना तुला? त्यालाही तू तेच शिकवलंस. त्याला वाटतंय, न कापणारे हात घेऊन गेलं तरच घेतात."

"तुम्ही जरा बोला ना त्याच्याशी. तुमचं ऐकेल."

आता त्यांनी मान वर केली. "खोटं मी बोललो होतो का?"

एक बुडबुडा वर आला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. मी निघालो.

तो मला शिवमंदिराच्या मागच्या अंगाला सापडला, वालधुनीच्या काठावर. देवळाकडे माणसांची ये-जा होती, बेलाची पानं आणि नारळ विकणारे पेंगत होते. मागं मात्र कुणी नव्हतं. कारखाने जे सोडतील तसं त्या नदीचं पाणी असायचं. त्या दुपारी ते गुलाबी होतं, सरबतासारखं, आणि त्यात काळ्या दगडाच्या देवळाची सावली पडून हळू हळू हलत होती. आपण जागे आहोत की नाही असं वाटावं असं ते दृश्य. तो एका दगडावर बसला होता. प्यालेला नव्हता. हात मांड्यांखाली दाबून धरले होते, कापू नयेत म्हणून.

"भाऊ, तू जा," तो म्हणाला. "तुझ्यासमोर लाज वाटते मला."

"दादा, मी कधी प्यालेलोच नाही."

"आता नाही, पण तेव्हा…"

"तेव्हाही नाही. कधीच नाही. ते सगळं मी बनवून सांगितलं. लोक रडत होते म्हणून."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठेल आणि मला त्या गुलाबी पाण्यात फेकेल. फेकलं असतं तर हरकत घ्यायला मला तोंड नव्हतं. पण तो म्हणाला, "तरीच. हातभट्टी गोड? अरे, घशातनं करवत गेल्यासारखी जाते ती. मी बायकोला म्हटलं पण होतं, हा कुठली प्यायचा देव जाणे. मग वाटलं, ज्याची सुटते त्याला नंतर गोडच आठवत असेल."

आणि तो हसला. पोट धरून नाही, नुसता नाकातून. पण त्यासाठी त्यानं मांड्यांखालून हात काढले. ते कापत होते. त्यानं ते तसेच राहू दिले.

"म्हणजे देवासमोर उभं राहून खोटं बोललास?"

"हो."

"आणि मग खिडकीवर मला परत खोटं बोललास. मी तुझ्या हाताकडे बघत असताना."

"हो."

"मग तू माझ्याहून बेकार आहेस की रे! मी निदान प्यालो तर प्यालो म्हणतो." मग त्यानं विचारलं, "तुझं होईल का हे माफ?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता, मीही विचारला नव्हता. उत्तर तर पाठ होतं. डबा मिळाला होता त्या उत्तराबद्दल. पण त्या काठावर ते उत्तर ओठांपर्यंत आलं आणि तिथं अडकलं, कारण पहिल्यांदाच ते माझ्याबद्दल होतं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. धड पुण्य नाही, आणि ज्याचा तोरा मिरवला ती पापंही माझी नाहीत. जे होतं ते हेच, एका माणसाला फसवून इथपर्यंत आणलेलं, आणि ते काही आता मागं घेता येत नव्हतं.

"होईल," मी म्हणालो. "झालंच म्हणतात, आपण मागायच्या आधीच. आपण नुसतं खरं मानायचं आणि घ्यायचं."

"तू मानतोस?"

"आत्ता मानायला लागतंय, दादा. दुसरं काही नाहीच माझ्याकडे."

"आणि माझी सुटली नाही तर?"

"मला नाही माहीत. पण ती सुटल्यावरच घेतात, असं नाही. ते मी खोटं सांगितलं होतं."

मी तिथंच बसून प्रार्थना केली. पेटी नव्हती, म्हणून की काय, पण ती अडखळत झाली आणि फार लवकर संपली. त्याची माफी मी वेगळी मागितली. तो म्हणाला, "बघू," आणि उठला.

दुसऱ्या दिवशी उपासनेत मी उभा राहिलो आणि सगळं मागं घेतलं. मंडळी नाराज झाली, हे सांगायला हवं. त्यांना माझं दारुडेपण आवडलं होतं. पेटीवाला तर माझ्याकडे फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकासारखा बघत होता. मी खाली बसणार तोच दारात तो दिसला. हॉलच्या उंबऱ्याबाहेर, भिंतीला टेकून. मी जवळ गेलो तर म्हणाला, "भाऊ, आत नको. रात्री घेतली. वास येतोय."

खरंच येत होता. दोन-चार माना वळल्या होत्या. झरोक्यातून उन्हाचा एक तिरपा पट्टा आत पडला होता आणि त्यात धूळ अगदी सावकाश, कुठंही पोचायची घाई नसल्यासारखी, वर वर चढत होती. काय बोलावं मला सुचेना. सुचलं असतं तर बहुधा मी पुन्हा काहीतरी छान बोललो असतो.

बायकांच्या सतरंजीवरून आईचा आवाज आला, पार पुढच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असा, "उंबऱ्यात काय उभे दोघं? वारा अडतोय. बसा की आत!"

त्यानं चपला काढल्या. काढताना हात कापत होते आणि एक चप्पल दुसरीवर उलटी पडली. मी ती सरळ करायला वाकलो, तोवर तो आत जाऊन बसलाही होता.