थंड स्टोअरमधला तिकिटांचा कागद

१८ ऑगस्ट, सकाळी पावणेसात. दुबईजवळच्या अजमानमधल्या एका वॉटर पार्कच्या तिकीट केबिनमध्ये गुडघ्यांवर बसून मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चिमट्याने उपसत होते. एरवी माझं काम ऑफिसातलं. आमची कंपनी पार्क आणि प्रदर्शनवाल्यांना तिकीट प्रिंटर आणि त्यांचा कागद पुरवते. मी सर्व्हिस बघते. त्या दिवशी स्वतः जाणं भाग होतं.

आमचे टेक्निशियन शिंदे कराडचे, कंपनीत चौदा वर्षं. त्यांचा व्हिसा महिनाअखेर संपत होता, आणि माझे बॉस मेहता सर यांनी आदल्या दिवशी रिन्युअल थांबवलं होतं.

"क्लायंटने नाव घेऊन तक्रार केली आहे," सर म्हणाले. "तीन आठवडे रोज सकाळी जाम आणि शिंद्यांचा रिपोर्ट रोज ओके. मी काय समजायचं?"

"दोन दिवस द्या, सर."

"दोनच."

रिपोर्ट खोटा नव्हता. शिंदे दुबईतले दुरुस्तीचे कॉल आटपून अजमानला पोचायचे तेव्हा बारा वाजलेले असत, आणि बाराला प्रिंटर मुकाट चालत असे. सकाळचा तमाशा त्यांनी पाहिलाच नव्हता. आता माझ्याबरोबर पाहत होते.

या प्रिंटरमध्ये शाई नसते. कागदावर एक थर असतो, तो उष्णतेने काळा पडतो. प्रिंटरचं हेड तापतं, अक्षरं उमटतात. कागद म्हणजे एक लांब पट्टी, झिगझॅग घड्या घालून कार्टनमध्ये भरलेली. प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर एक काळी खूण असते. सेन्सरला ती दिसली की कटर तिथे कापतो. कागद सरळ आणि कोरडा असेल तरच हे सगळं जमतं.

इथे कागदाच्या कडा लाटांसारख्या झाल्या होत्या. छापून झालेली तिकिटं ट्रेमध्ये एकमेकांना चिकटत होती. बारकोड इतका फिका, की गेटवरचा स्कॅनर तो वाचेना. बाहेर पोहण्याच्या कपड्यांत मुलं रांगेत उभी.

पार्कचा मॅनेजर जोसेफ मागे उभा होता. "मॅडम, आपका आदमी रोज आता है, ब्रश मारता है, ओके लिखता है. सुबह फिर खलास."

"हेड बदलतो," शिंदे म्हणाले.

"गेल्या आठवड्यात बदललंत ना? आधी नवा कार्टन लावून बघू."

पार्कच्या स्टोअरमधून कार्टन आणायला आमचे व्हॅन ड्रायव्हर रफीकभाई गेले. दापोलीकडचे, आमच्याकडे येण्याआधी आठ वर्षं शारजात फळांच्या कोल्ड स्टोअरमध्ये होते. कार्टन खाली ठेवून त्यांनी हात पँटला पुसले.

"ताई, एवढ्यात उघडू नका. पेटीला घाम आलाय."

"भाई, हे तिकीट आहे, सफरचंद नाही," शिंदे वैतागून म्हणाले.

"माहीत आहे हो. पण थंडीतून काढलेली पेटी या दमट हवेत लगेच उघडली की आतल्या मालाला पाणी सुटतं. आमच्याकडे कोणी असं केलं, तर सुपरवायझर त्याच्या सात पिढ्या उद्धरायचा. पेटी बंदच ठेवायची. थंडी गेली की मग उघडायची."

मी कार्टनवर हात ठेवला. फ्रिजमधून काढल्यासारखा गार.

"जोसेफ, स्टोअर का एसी कितने पे है?"

"अठारह. आपने ही तो मेल किया था, ठंडा रखो."

मीच केला होता. जुलैमध्ये उन्हात उभ्या व्हॅनमध्ये काही कार्टन तापले आणि आतली तिकिटं राखाडी पडली. तेव्हा मी सगळ्या क्लायंटना लिहिलं, स्टॉक फक्त एसी स्टोअरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर काय करायचं ते लिहिलं नाही. या लोकांनी सूचना तंतोतंत पाळली. उरलेला कागदसुद्धा रात्री स्टोअरमध्ये परत, कारण कोरं तिकीट कुलपाबाहेर ठेवत नाहीत. रोज सकाळी गार कार्टन आणायचा, दमट केबिनमध्ये फोडायचा. बारापर्यंत कागद सुकून सावरायचा, आणि मग शिंदे पोचायचे.

त्या दिवशी शिंद्यांनी एकाच प्रिंटरवर रांग सांभाळली. प्रत्येक तिकीट हाताने धरून बाहेर घेतलं, निराळं ठेवलं, बारकोड फिका असेल तर पुन्हा छापलं. मी दोन बंद कार्टन केबिनच्या कपाटात ठेवून घेतले. किल्ली जोसेफकडे.

"कल भी जाम हुआ तो?"

"तो मैं ही लिखके दूँगी, दूसरी कंपनी बुलाओ."

दुसऱ्या दिवशी सहाला रफीकभाईंनी मला शारजातल्या रोल्लाहून घेतलं. कपाटातला कार्टन कोरडा होता. शिंद्यांनी तो फोडला, घड्या मोकळ्या केल्या, कागद लावला. तिकिटं सपाट, ठळक, सुटी बाहेर पडू लागली. तासाभराने रांग संपली तरी एकही जाम नाही. जोसेफने शिंद्यांना चहा आणून दिला. सॉरी म्हणाला नाही, पण साखर विचारली.

मी केबिनबाहेर उभं राहून फोनवरूनच मेल लिहिला, जोसेफला आणि मेहता सरांना. प्रिंटरमध्ये दोष नव्हता. टेक्निशियनचे रिपोर्ट बरोबर होते. चूक माझ्या जुलैच्या सूचनेत होती. ती आमच्या रफीकभाईंनी दाखवली, त्यांची मी आभारी आहे. पुढे सुधारित सूचना: उद्याचा कार्टन आजच बाहेर काढा, बंद ठेवा, कपाटाला कुलूप लावा.

पाच मिनिटांत सरांचा फोन. "क्लायंटला आपली चूक लेखी दिलीत?"

"शिंद्यांच्या नावावरची तक्रार लेखीच आहे ना, सर. खोडायचं तर लेखीच खोडावं लागेल."

सर म्हणाले, "शिंद्यांना पासपोर्ट आजच एचआरला द्यायला सांगा, व्हिसा रिन्यू करू."

शिंद्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव कशाला घातलंत?"

"मेल माझाच होता."

रफीकभाई हसले. "आता सफरचंदं खाऊ घाला, ताई."

सूचना पाठवणाऱ्याने एकदा तरी, ती जेव्हा पाळली जाते त्या वेळेला, तिथे जाऊन उभं राहावं. मी तीन आठवडे उशिरा गेले.

शिंदे पासपोर्ट आणायला घरी गेले. त्यांची टूल बॅग उचलून मी व्हॅनमध्ये बसले आणि त्यांच्या त्या दिवसाच्या कॉलला गेले.