किरणांतून आलेला निळा

रोह्याच्या बाजारात एक खडेवाला आहे. पेणची एसटी येईपर्यंत मी त्याच्या दुकानात बसतो. खडा दाखवताना तो कधी बसत नाही. दारातल्या उजेडात उभा राहून गिऱ्हाइकाच्या तळहातावर एक निळा आणि एक पाण्यासारखा खडा ठेवतो, आणि कोणी विचारलेलं नसतानाही सांगतो, "हा नीलम नाय. दोन्ही टोपाझ हायत. हा निळा पण असाच पांढरा व्हता, अणुभट्टीत किरण मारून रंग आणलाय."

शनीसाठी नीलम मागायला आलेले बरेचजण तिथूनच परततात. तो अडवत नाही. दगडावर ओरखडाही न उमटता आत असं आभाळ उतरतं, या विचाराने माझ्या अंगावर मात्र दर वेळी काटा येतो.

परवा धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटल्यावर एक कामगार आला. उजवा हात खिशात ठेवून त्याने डाव्या तळहातावर खडे घेतले.

"रंग उडंल का?"

"तुमी-आमी जाऊ. ह्याचा रंग नाय जायचा."

"मग ह्योच द्या." मापासाठी त्याने डावा हात पुढे केला.

"अंगठी उजव्या हाताची ना? तो द्या."

कामगार थबकला. मग त्याने हात बाहेर काढला. कंपनीत भाजून कातडी पांढरी-गुलाबी झाली होती. खडेवाल्याने तो हात दारातल्या उजेडात धरला आणि खडा फिरवून बघतो तसा हळूच फिरवून बघितला. मग एकेक मापाची कडी बोटात सरकवत राहिला.

माझी एसटी गेली.