गंगूबाई हॉटेलात बसली

वाशीमच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये उकंडराव फिटर होते. दिवसभर यंत्रांच्या पट्ट्यांशी झटापट करायची आणि सहाचा भोंगा वाजला की हात पुसत किसनसिंगच्या परवान्याच्या दारू दुकानाकडे वळायचं, हा त्यांचा नेम. ते झिंगून रस्त्यात पडणाऱ्यांतले नव्हते. शालिग्राम नावाच्या दोस्तासोबत एक पव्वा अर्धा अर्धा, सोबत मूठभर फुटाणे, आणि तासभर गप्पा. घरी येताना समोरच्या शिखरचंदच्या हॉटेलातून बायकोसाठी जलेबी बांधून आणायची. घरी पोचेस्तोवर ती गार व्हायची, वर्तमानपत्राचा कागद तिला चिकटायचा. गंगू तो कागद नखानं सोलून काढायची आणि जलेबी खाता खाता दिवसभराच्या साऱ्या बातम्या ऐकायची. बोलण्यात उकंडरावांचा हात कोणी धरला नसता. अशी बावीस वर्षं गेली. दोन्ही पोरी लग्न होऊन सासरी गेल्या.

पंच्याहत्तर सालच्या पावसाळ्यात उकंडरावांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. दीड महिना अंथरुणात गेला. डॉक्टरांनी बरं केलं, पण निघताना गंगूला बाजूला घेऊन सांगितलं, "आता एक थेंबही नको. लिव्हर पुन्हा सांभाळून घेणार नाही."

उकंडरावांनी सोडली. खरंच सोडली. गंगूनं बालाजीला नारळ फोडला, शेजारीपाजारी साखर वाटली. पण महिना उलटला आणि तिच्या ध्यानात आलं की घरात माणूस आहे, पण माणसाचा आवाज नाही. सहाला घरी यायचे, ओसरीवर बसायचे, रस्त्याकडे बघायचे. काही विचारलं तर "हो" नाही तर "नाई". जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून निजायचे.

एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलंच. "अजी, दारूची लै आठवण येते काय?"

उकंडराव रस्त्याकडेच बघत होते. "दारूची नाई येत," ते म्हणाले. "सहा वाजताची येते."

गंगूच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

पुढच्या शनिवारी जिनिंग लवकर सुटलं. उकंडराव घरी आले तर गंगू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून दारात उभी.

"कुठी चालली?"

"चला, मले गाव दाखवा. बावीस वर्षं झाले, मले पिठाची गिरणी आन बालाजीचं देऊळ, दोनच ठावकं. तुमी सारं गाव पालथं घातलं."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. त्याइलेबी बोलाले काई पायजे."

स्टेशन रोडवर त्यांनी गोटीसोडा घेतला. गाडीवाल्यानं अंगठ्यानं गोटी आत दाबली, फस्सकन आवाज झाला आणि गंगू दोन पावलं मागं सरली. पहिलाच घोट नाकात गेला. ती ठसकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्याकडे पाहून उकंडराव मोठ्यानं हसले. किती दिवसांनी हसले! गंगूनं उरलेली बाटली मुद्दाम तशीच ठसकत संपवली.

मग दर शनिवारी एक नवी गल्ली. कधी आलं-लिंबू पिळलेला उसाचा रस, कधी पद्मतीर्थ तळ्याच्या काठी बदाम घातलेलं आटीव दूध, कधी बालाजीच्या देवळामागं एका म्हातारीची रबडी. उकंडराव पुढं चालत आणि सांगत, इथं अमका राहतो, तिथं तमक्याची भट्टी होती. गंगू मागून ऐकत जायची.

एका शनिवारी ती शिखरचंदच्या हॉटेलासमोर थांबली. शिखरचंद जातीनं कढईवर बसले होते. कढईत जलेबी फुगत होती.

"अठी बसायचं," ती म्हणाली.

तेव्हा गावात बाया हॉटेलात बसत नसत. शिखरचंद गोंधळले. "वहिनी, बांधून देतो ना."

"बांधलेली बावीस वर्षं खाल्ली, शेठ. आज गरम खाऊ द्या."

आत बसलेली दोन-चार माणसं माना वळवून पाहू लागली. शिखरचंदांचं काही ठरेना. तेवढ्यात मागच्या दारातून त्यांच्या बायकोचा, अंगुरीबाईचा आवाज आला, "बसू द्या ना! बाकडं काय झिजते?"

गंगू बसली. पाठ ताठ, पदर घट्ट धरलेला. पुढ्यात जलेबी आली. पहिल्या घासाला ती कुरकुरली आणि आतला पाक जिभेवर सांडला. जीभ पोळली, तरी तिनं तोंड उघडलं नाही.

"काय झालं?" उकंडरावांनी विचारलं.

"काई नाई," ती हळूच म्हणाली. "ही तर दुसरीच वस्तू हाय."

उकंडराव तिच्याकडे बघतच राहिले. आपण इतकी वर्षं हिला जलेबी खाऊ घालतो, असं त्यांना वाटत होतं.

समोरच किसनसिंगचं दुकान. तिथून शालिग्रामनं हाक मारली, "उकंडराव!" उकंडरावांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान गंगूनं पाहिली. ती उठली, रस्ता ओलांडला आणि थेट दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. आतला गलका एकदम थांबला. एकानं पेला धोतराच्या सोग्याखाली दडवला.

"किसनसिंगभाऊ, याईची जागा हाय काय अजून?"

किसनसिंग गल्ल्यावरून उठून उभा राहिला. "हाय ना वहिनी. त्या बाकावर कोनी बसत नाई."

"मंग बसू द्या त्याइले. हातात सोडा द्या. दुसरं काई देल्लं, तं मी रोज अठी येऊन बसन."

आत हशा पिकला. शालिग्राम म्हणाला, "वहिनी, माह्या जबाबदारीवर!"

असं ते ठरलं. शनिवारी सहा ते सात उकंडराव किसनसिंगकडे सोडा घेऊन बसत, गंगू समोर शिखरचंदकडे. सातला ते रस्ता ओलांडून येत आणि घरापर्यंत त्यांचं तोंड बंद होत नसे. "नवरा गुत्त्यात आन बायको हॉटेलात," असं गल्लीत बोललं जाई. गंगूच्या कानावर यायचं. पहिल्यांदा ती रडली, नंतर तिनं सोडून दिलं.

मग आली धुळवड. उकंडराव रंगानं माखून घरी आले आणि ते उंबऱ्यात असतानाच गंगूला वास आला. तिनं नेहमीसारखंच पाणी तापवून दिलं, ताट वाढलं. तीन दिवस रोज सकाळी ती त्यांचे डोळे उजेडात न्याहाळायची, पिवळे तर नाहीत ना. शनिवारी मात्र तिनं त्यांना हाक मारली नाही. लुगडं नेसली आणि एकटीच निघाली.

एकटीनं हॉटेलात बसणं फार जड गेलं. पुढ्यातल्या जलेबीला तिनं हातही लावला नाही. थोड्या वेळानं उकंडराव आले. दोन्ही दुकानांच्या मध्ये, लिंबाखाली उभे राहिले. किसनसिंगकडून हाका येत होत्या. तिनं तिकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. ते आले आणि तिच्यासमोर बसले.

"शिव्या तरी दे."

"शिव्या देल्ल्या की तुमी गप होता. मले तो गप मानूस नाई पायजे घरात."

उकंडराव टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटानं लांबवत राहिले. "सारे पीत होते. मले वाटलं, मी एकटाच बाहीर राह्यलो."

"मंग मले सांगाचं होतं. मी आली असती रंग खेळाले."

ते हसले, आणि हसता हसताच त्यांनी गमछ्यानं डोळे टिपले. मग ताटलीला हात लावून पाहिला. "थंडी झाली ही," ते म्हणाले, आणि कढईकडे वळून ओरडले, "शेठ, गरम आना!"

त्यानंतर त्यांनी कधीच घेतली नाही, असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. पण गंगूला पुन्हा वास आला नाही, एवढं खरं. आणि कावीळही परतली नाही.

पुढच्या दिवाळीपासून शालिग्रामची बायको विमलबाई तिच्यासोबत येऊ लागली. मग आणखी दोघी-तिघी. अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास शिखरचंदांनी बायांसाठी कोपऱ्यात वेगळं बाकडं टाकलं आणि समोर फुलाफुलांचा पडदा लावायला काढला. गंगूनं खिळा ठोकण्याआधीच त्यांना थांबवलं.

"शेठ, पडदा कायले?"

"बायांले बरं वाटन म्हून."

"मंग जलेबी कढईतून निंगताना दिसन कशी?"

शिखरचंदांनी पडद्याची घडी केली आणि अंगुरीबाईकडे दिली. पुढच्या आठवड्यात तिनं त्याची उशी शिवली.