घरांच्या वहीत नसलेली आई

सकाळची प्रार्थना आटोपून आत्याबाईंना रेकॉर्ड ऑफिसात घेऊन गेले. आत्याबाई म्हणजे ह्यांची चुलत आत्या, वय एकोणऐंशी. त्या लहान असताना त्यांची आई घरातून गेली ती परत आली नाही. पोरीला टाकून गेली, असंच सगळे म्हणत आले. ते खरं का, एवढंच त्यांना डोळे मिटण्याआधी कळायला हवं होतं.

आमची ही तिसरी खेप. आई गेली त्या वर्षीच्या जनगणनेत त्यांच्या घराच्या पानावर वडील, आजी आणि आत्याबाई. आई नाही. खिडकीवरच्या बाईंनी हात टेकले आणि मागच्या खोलीतल्या बाइंडरकाकांकडे पाठवलं.

काका चाळीस वर्षं जुन्या वह्या शिवतायत. बोटांना खळ, खिशाला दाभण. शिक्षण सातवी. साहेबलोक मागितलेली वही तेवढी उघडतात. काकांच्या हाताखालून मात्र पान न् पान गेलंय. कोणी न मागितलेल्या वह्यांची यादी त्यांनी एका पुठ्ठ्यावर स्वतःच लिहून ठेवली आहे.

"घर सोडा," ते म्हणाले. "आई आजारी होती का?"

"खोकायची. मला जवळ येऊ द्यायची नाही. तेवढंच आठवतं."

"मग घरांच्या वहीत कशी सापडेल? दवाखाने, तुरुंग, अनाथाश्रम, तिथल्या माणसांची गणती वेगळ्या वहीत. त्या वह्या उंदीर तेवढे वाचतात."

शिडीवर चढून त्यांनी क्षयाच्या दवाखान्याची वही काढली. मी हात पुढे केला तर म्हणाले, "बाई, तुम्ही देवाचं नाव घ्या, पानं मी उलटतो."

नवव्या पानावर आईचं नाव होतं. पत्ता तोच. वय पंचवीस. मुलं एक. शेरा: मुलगी, वय चार, घरी सासूजवळ.

आत्याबाईंनी माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. मी पाण्याची बाटली काढली, पण त्या रडल्या नाहीत.

"म्हणजे आजीला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आजार सांगायची लाज, म्हणून बाई पळाली म्हणायचं!" मग, "आणि चार नाही, साडेचार होते मी."

"सरकारी रकान्यात अर्धं वर्ष मावत नाही, आत्याबाई," काका म्हणाले, आणि पानाची सुटलेली कड चिकटवायला बसले.

बसमधून उतरताना आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या रोजनिशीच्या वहीत लिहून ठेव हे. साडेचारच लिही."